संगणकाकडून जुनी मराठी पुस्तकं ‘वाचून’ घ्यायचीत? डिजिटल ह्युमॅनिटीजची सुरुवात अशी करा

शंभर जुन्या कादंबऱ्यांत ‘विधवा’ हा शब्द किती वेळा आणि कोणत्या शब्दांसोबत येतो? हाताने मोजायला काही महिने लागतील. संगणक हे काम काही सेकंदांत करतो. पण त्याला दिलेला मजकूर सदोष असेल, तर निष्कर्षही चुकतो.

हे नेमकं काय आहे?
साहित्य, इतिहास, भाषेतील प्रश्नांची उत्तरं संगणकाच्या मदतीनं शोधणं म्हणजे डिजिटल ह्युमॅनिटीज. इटलीतील धर्मगुरू रॉबेर्तो बुसा यांनी १९४९ मध्ये आयबीएमच्या मदतीनं थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची करायला घेतली. ही या क्षेत्राची सुरुवात मानली जाते.

सुरुवात कुठून करायची?
आधी प्रश्न ठरवा, सॉफ्टवेअर नंतर. प्रश्न छोटा ठेवा. एकच लेखक किंवा एकच दशक पुरे.

मजकूर कुठे मिळेल?
मराठी विकिस्रोतावर युनिकोडमधील पुस्तकं मोफत आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षांनी साहित्य कॉपीराइटमुक्त होतं. हरि नारायण आपटे यांचं निधन १९१९ मध्ये झालं, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या वापरता येतात.

मराठीत कुठे फसगत होते?
- अनुस्वार: जुन्या पुस्तकांत ‘घरांत’, आता ‘घरात’. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर असे अनुस्वार गेले. हे लक्षात घेतलं नाही, तर शब्दच वापरातून गेला असा चुकीचा निष्कर्ष निघेल.
- विभक्ती: घर, घराला, घराचा यांची मोजणी वेगवेगळी होते.
- ‘ऱ्य’: ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखा, पण शोधताना निम्मे शब्द निसटू शकतात.

म्हणून मोजणीआधी सगळा मजकूर एकाच पद्धतीत आणा. मूळ फाइल मात्र बदलू नका, वेगळी जपून ठेवा.

कोडिंग यायलाच हवं का?
सुरुवातीला नाही. ‘व्हॉयंट टूल्स’ ही मोफत सुविधा ब्राउझरमध्ये चालते. मजकूर टाकला की शब्दांची वारंवारता आणि आजूबाजूचे शब्द दिसतात. देवनागरी शब्द नीट वेगळे होतात का, हे आधी एका पानावर तपासा. पुढे पायथन शिकता येईल.

शेवटची पायरी कोणती?
पुन्हा पुस्तक उघडणं. शब्द किती वेळा आला, हे संगणक सांगतो. तो कौतुकानं आला की उपरोधानं, हे वाचणाऱ्यालाच कळतं.