उभी गाडी, तापलेलं इंजिन

पावसाळी रविवार. मुरबाडहून माळशेज घाटाकडे किंवा शहापूरहून कसाऱ्याकडे निघालेली जुनी फियाट कोंडीत अडकते आणि बॉनेटच्या फटीतून वाफ दिसू लागते.

• गाडी : फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रीमियर पद्मिनी. बांधणी कुर्ल्यात, इंजिन १,०८९ सीसी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली.

• कारण : पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतात. इंजिन मंद, तर दोन्ही मंद. शिवाय धावत्या गाडीला मिळणारा समोरचा वाराही बंद.

• फरक : फक्त उभ्या गाडीत तापलं, तर आधी पंखा, पट्टा आणि हवेची वाट तपासतात. धावतानाही तापलं, तर संशय तुंबलेल्या रेडिएटरवर किंवा अडकलेल्या थर्मोस्टॅटवर.

• पट्टा : अंगठ्याने दाबल्यावर साधारण १ ते १.५ सेंटीमीटर दबावा. जास्त दबला, तर ढिला.

• झाकण : समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला, की उकळबिंदू वर जातो. सैल रबरामुळे हा फायदा जातो.

• पाणी : बोअरवेलच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालतात.

• व्हेपर लॉक : हा वेगळा आजार. उष्णतेने पेट्रोलची वाफ होते, पुरवठा तुटतो, गाडी बंद पडते. जुना उपाय : गाडीतल्या इंधन पंपावर ओलं फडकं.

सावधान : गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. उकळतं पाणी उसळून अंगावर येतं.