माजघर नसलेल्यांची कादंबरी

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना प्राध्यापकांनी मला ‘माजघर’ शब्दाचा अर्थ विचारला. माज म्हणजे मस्ती, एवढेच मला ठाऊक. तसेच सांगितले. वर्ग हसला. पुढे वर्षभर मी तोंड उघडले नाही. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ शिकवायला घेतली की मागच्या बाकांवर तेच मौन मला दिसते.

ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. ब्राह्मण कुटुंबातल्या यमूची ती कहाणी. तिच्यातले शब्द आपल्या मुलांना अडतात ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. ते शब्द ज्या घरात नांदले, त्या घराचा उंबरा आपल्या आजीला ओलांडता आला नव्हता, म्हणून.

तेव्हा नुसते शब्दार्थ पाठ करू नयेत. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत : तो कशापासून बनला? कोणाच्या घरात नांदला? आणि कोणाला भोवला?

‘माजघर’ घ्या. संस्कृत ‘मध्य’, प्राकृत ‘मज्झ’, त्यावरून ‘माज’. माजघर म्हणजे घराचा मधला भाग. ज्याचे सारे घरच एका खोलीचे, त्याला मधली खोली कुठून ठाऊक असणार? ‘सोवळे’ म्हणजे शुद्ध, असे कोश सांगतो. सोवळ्यातल्या माणसाला कोणाच्या स्पर्शाचा विटाळ होई, असे विचारा. त्या शब्दात आपलाच इतिहास सापडेल. ‘केशवपन’ म्हणजे केस भादरणे. कोणाचे, हे कादंबरी सांगते : विधवा यमूचे, तिच्या इच्छेविरुद्ध. पण वस्तरा कोणाच्या हातात होता? १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. शब्दाचा हा अर्थ कोशात मिळत नाही. तो चळवळीच्या इतिहासात शोधावा लागतो.

मागच्या सत्रात एका मुलीने वहीत ‘माजघर’चा अर्थ लिहिला आणि खाली जोडले, ‘आमच्या घरी नाही.’ मी तिला पूर्ण गुण दिले.

शिक्षकमित्रांना एकच सांगणे आहे. चुकलेल्या अर्थावर वर्गाला हसू देऊ नका. त्या हसण्याने आपले पोर एका शब्दाला नव्हे, सगळ्या पुस्तकालाच मुकते.