अनवाणी डॉक्टरांच्या पेटीत काय होतं?

जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचा विषय निघाला की चांगली वाचणारी माणसंही एक वाक्य हमखास टाकतात : 'आरोळ्यांनी चीनच्या अनवाणी डॉक्टरांचा प्रयोग इथं आणला. तिकडं जडीबुटी आणि सुयांनी अख्खा देश बरा झाला.' अलीकडे या वाक्याला नवं गिऱ्हाईक मिळालंय. चिनी काढे, ॲक्युपंक्चरच्या सुया, पाठीवर लावायचे कप, तळपायाला चिकटवायचे पट्टे यांची जगभर चलती आहे आणि आपल्याकडे ते विकणारेही दाखला देतात, की चीननं हेच वापरून खेडी निरोगी केली. वाक्य दोन्ही टोकांनी चुकीचं आहे. पहिल्या टोकानं जामखेडवर अन्याय होतो, दुसऱ्या टोकानं रोग्याचं नुकसान.

आधी चीन. जून १९६५ मध्ये माओनं स्वतःच्याच आरोग्य खात्याला झोडपलं. हे खातं मूठभर शहरी लोकांसाठी चालतं, कामाचा भर खेड्यांवर द्या, असा त्याचा आदेश होता. शेतकऱ्यांच्या मुलामुलींना काही महिने शिकवून गावात पाठवायचं काम मग जोरात सुरू झालं. शांघायजवळच्या भातशेतीच्या भागात ही मुलं अनवाणी शेतात राबायची आणि मधल्या वेळात रोगी तपासायची. १९६८ मध्ये वृत्तपत्रांनी त्यांना अनवाणी डॉक्टर म्हणून देशभर नेलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांची संख्या पंधरा लाखांच्या आसपास गेली.

त्यांच्या पेटीत सुया होत्या, आणि गावामागच्या डोंगरावरून आणलेल्या वनस्पतीही होत्या. पण म्हणून गावं वनस्पतींनी बरी झाली असं ठरवून टाकायचं का? त्याच पेटीत थर्मामीटर, इंजेक्शनची सिरिंज, जंतुनाशक आणि अँटिबायोटिक होते. इतिहासकार शियाओपिंग फांग यांनी हांगझौजवळच्या गावांच्या नोंदी आणि त्या पिढीतल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २०१२ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. अनवाणी डॉक्टर पारंपरिक वैद्यकाचे वाहक होते या समजुतीलाच त्यांनी आव्हान दिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की आधुनिक औषधं खेड्यात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पोचली ती याच मुलांच्या हातून. औषधं स्वस्त होत गेली, गोळी-इंजेक्शनचा गुण लवकर दिसायचा, आणि गावकरी तेच मागू लागले. सुया आणि काढ्यांवर सरकारचा भर होता त्यामागं राष्ट्राभिमान होता, तसा पैशाचा हिशेबही होता : ते जवळजवळ फुकट पडायचं. खुद्द माओचे वैद्य ली झिसुई यांनी आठवणींत लिहिलंय, की या उपचारांचा प्रसार करा म्हणणारा माओ स्वतः मात्र चिनी औषध घेत नसे, त्याचा त्यावर विश्वासही नव्हता.

मृत्यू कमी झाले कशामुळे? देवीची लस, संडास, उकळलेलं पाणी, सुरक्षित बाळंतपण, जंतकृमींचा रोग पसरवणाऱ्या गोगलगायी कालव्यांतून खरवडून पुरणं, यांमुळे. सार्वजनिक स्वच्छतेची मोठी मोहीम १९५२ पासून चालू होती. अनवाणी डॉक्टर हा शब्द छापून येण्याआधीच चीनमधून देवी हटली होती. १९४९ च्या सुमारास पस्तिशीच्या आसपास असलेलं सरासरी आयुर्मान १९८० पर्यंत पासष्टीच्या घरात गेलं, ते या सगळ्यामुळे. पुढं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सामुदायिक शेती मोडली. तिच्या उत्पन्नातून चालणारी गावोगावची आरोग्य वर्गणी बंद पडली आणि ही व्यवस्था कोसळली. १९८५ मध्ये सरकारनं अनवाणी डॉक्टर हे नावही सोडलं. डोंगरावरच्या वनस्पती तर तिथंच होत्या. जडीबुटीच तारत होती, तर मग व्यवस्था का कोसळली?

आता जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. चीनची नक्कल करायची असती तर पहिल्या दिवसापासून गावकऱ्यांनाच शिकवलं असतं. त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकट्या बाईला राहणं अवघड, आणि गावच्या बायका तिचं ऐकेनात. ते जमेना म्हणून गावानंच आपली बाई निवडायची असं ठरलं. निवडलेल्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जायच्या. हा मार्ग अपयशातून आणि इथल्या जातीच्या, पाण्याच्या, भुकेच्या प्रश्नांतून सापडला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकसहभागी आरोग्यावर पुस्तक काढलं, तेव्हा त्यात चीन आणि जामखेड अशी दोन स्वतंत्र प्रकरणं होती.

आणि या बायका करत काय होत्या? नाळ कापायला निर्जंतुक पातं. हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी. क्षय आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या रोगी रोज घेतो का, यावर नजर. गरोदरपणी कमी खाल्लं की बाळ लहान आणि बाळंतपण सोपं, बाळंतिणीचं पहिलं दूध काढून टाकायचं, या जुन्या समजुती त्यांनीच घरोघर बसून मोडल्या. १९७२ च्या दुष्काळात तर प्रकल्पाचा मोठा वेळ पाण्यात आणि मुलांच्या खाण्यात गेला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत, १९७६ मध्ये ५२. परंपरेशी रोज भांडून मिळवलेल्या या आकड्याचं श्रेय कुणी 'प्राचीन पौर्वात्य ज्ञाना'ला दिलं, की मला राग येतो. त्या बायकांपैकी काहीजणी अजून जामखेडच्या पंचक्रोशीत आहेत. त्यांना विचारा.

बाकीचे समज थोडक्यात.

'अमेरिकी पत्रकाराचं अपेंडिक्स चीनमध्ये नुसत्या सुया टोचून काढलं.' जेम्स रेस्टन यांचा जुलै १९७१ चा लेख कुणी उघडतच नाही. शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनखाली झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास झाला तेव्हा.

'मलेरियाचं नोबेल चिनी काढ्याला मिळालं.' तू योयो यांना २०१५ मध्ये ते मिळालं ते वनस्पतीतलं एक द्रव्य इथरनं वेगळं काढून तपासल्याबद्दल. उकळल्यावर त्याचा गुण जातो हे त्यांनीच ओळखलं, आणि त्या वनस्पतीचा चहा मलेरियावर घेऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

'कपिंग चिनी आहे.' सुश्रुतसंहितेत शिंग आणि भोपळा लावून रक्त काढणं आहे, आपले वैदू गावोगाव तुंबडी लावत फिरायचे. जुनं असल्यानं ना ते त्यांचं गुणकारी ठरतं, ना आपलं.

'पट्टा काळा पडला म्हणजे विष निघालं.' घामाच्या ओलाव्यानं पट्ट्यातली पूडच काळी पडते. पाण्याचे चार थेंब टाकून बघा.

'ॲक्युपंक्चरला कायद्यानं मान्यता आहे, म्हणजे सगळे रोग बरे होतात.' महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे सुई धरणारा शिकलेला आणि नोंदणीकृत आहे का, एवढं तुम्हाला विचारता येतं. ते जरूर विचारा, आणि सुई नवी पाकिटातून काढायला लावा.

'वनस्पती आहे, अपाय काय होणार?' नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी दुसरीच गेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, कित्येकींना डायलिसिस लागलं, पुढं काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या चुकून गेलेल्या वनस्पतीतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल आज कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत आहे. घरात कुणी अशी पावडर घेत असेल आणि पायावर सूज आली असेल, तर डॉक्टरकडे जाताना तिचं पाकीट सोबत न्या, त्यावरची अक्षरं वाचता येत नसली तरी.