दोन पावसाळे पाहिलेला फणस

कुडाळजवळ घर बांधणाऱ्या मैत्रिणीला तिच्या सुतार मिस्त्रींनी स्वयंपाकघरातल्या कपाटांबद्दल सांगितलं, "मापां मगे, वयनी. आधी लाकूड बघूक व्हया." मॉड्युलर किचनच्या दुकानात आधी मापं निघतात, मग लॅमिनेटचा रंग ठरतो, लाकडाचा विषयच निघत नाही. मिस्त्रींच्या त्या एका वाक्यामुळे मी तिच्याबरोबर वखारीत गेले.

ऐन, किंजळ, साग, शिवण, फणस. ऐनाचा ओंडका मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून कोणीही ओळखेल. ऐन आणि किंजळ ही वाशा-तुळयांची लाकडं, जड आणि टणक, पण वाळताना तडकणारी. कपाटाच्या दारांना ती नकोत, असं मिस्त्रींनी लगेच सांगितलं. परदेशातून आलेल्या सागाच्या चळतीसमोर तर ते थांबलेही नाहीत. मला ते फार आवडलं. वादळात पडलेला परसातला फणस चुलीत घालायचा आणि दारांसाठी जहाजाने आलेलं लाकूड विकत घ्यायचं, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

शेवटी ते फणसाच्या फळ्यांपाशी आले. एक फळी उभी केली, बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत ठोकली. आवाज मध्येच बद्द झाला तर आत पोकळ किंवा कुजकं असतं. मग तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन फळीवर फिरवलं. धुळकट पिवळ्या पृष्ठभागातून मधासारखा रंग वर आला, रेषा उमटल्या. पॉलिश केल्यावर फळी साधारण अशी दिसेल. पुढे वर्षं जातील तसा फणस तपकिरी होत जातो. कोकणातल्या जुन्या घरांतल्या दारांचा गडद रंग बघताना ती मुळात हळदी होती यावर विश्वास बसत नाही. ओल्या फळीवरचा मिस्त्रींचा तो तळवा मला अजून दिसतो.

"दोन पावसाळे जाऊक व्हये," ते म्हणाले. चिरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा, सावलीत रचायच्या. पावसात लाकूड दमट हवेतलं पाणी घेतं आणि फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. वाकायची, पिळवटायची ती फळी या काळात वाकून मोकळी होते. समोरच्या फळ्यांचे दोन पावसाळे झाले होते. शेजारच्या ढिगाचा एकच, म्हणून त्याला त्यांनी हात लावला नाही. मैत्रिणीने घाई आहे म्हटलं, तेव्हाही उत्तर तेच: दोन पावसाळे.

इतकं मुरलं तरी लाकूड हलायचं थांबत नाही, म्हणून दाराची बांधणीच तशी करतात. चार बाजूंच्या चौकटीला आतून खाच पाडायची आणि मधला पाट त्या खाचेत नुसता बसवायचा, डिंक न लावता. आषाढात तो फुगला तर त्याला जागा राहते. चिकटवून टाकला तर एक तर पाट फाटतो, नाहीतर चौकट उघडते. प्लायवूडला ही काळजी नाही, हे खरं आहे. पण प्लायवूडची कड एकदा सुटली की ती रंधून पुन्हा उभी करता येत नाही. फणसाचं दार येतं.

सालीलगतचा फिकट भाग त्यांनी खडूने आखून बाद केला, कारण किडा आधी तिथे लागतो. सिंकखालच्या चौकटीला, जिथे पाणी गळणारच, तिथे साग. ड्रॉवरना शिवण, हलकी आणि सहसा न वाकणारी.

मैत्रिणीचं मन एका गाठीच्या फळीवर बसलं होतं. मला वाटलं, मिस्त्री नाही म्हणणार. त्यांनी गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. ती पक्की होती, भोवती चीर नव्हती. चौकटीला गाठ चालत नाही, तिथे सरळ रेघच हवी, पाटाला चालते. मग ती फळी ओट्यावरच्या मोठ्या कपाटाच्या दाराला लावायची, असं दोघांनी उभ्या उभ्या ठरवलं.