कडकट्टचा कारभार

सॅम्युएल मोर्स यांचे नाव जगभर गाजविणाऱ्या संकेतलिपीची काटकसर प्रयोगशाळेत नव्हे तर छापखान्यात शिकली गेली. कोणत्या अक्षराचे किती खिळे ठेवावे लागतात याची मोजदाद करून, ज्याचे बारा हजार खिळे लागत त्या 'ई'ला केवळ एक बिंदू, आणि ज्याला दोनशेच पुरत त्या 'झेड'ला लांबलचक संकेत, अशी वाटणी झाली. १८४४ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारेवर तिची कसोटी लागली.

हिंदुस्थानात डॉ. विल्यम ओशॉनेसी या वैद्याने १८३९ मध्येच कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले होते. परंतु सरकारदरबारी त्यांची खरी कदर गव्हर्नर-जनरल डलहौसींच्या अमदानीतच झाली. १८५५ मध्ये तार रयतेस खुली झाली, तेव्हा चारशे मैलांपर्यंत सोळा शब्दांस एक रुपया असा जबर दर होता. मोर्सचे यंत्र आल्यावर प्रथम त्यातून निघणाऱ्या कागदी फितीवरील खुणा वाचीत. पुढे तारमास्तरांचे कान इतके तयार झाले, की फितीची जरूर संपून यंत्राच्या नुसत्या कडकट्ट आवाजावरून मजकूर उतरू लागला.

आमच्या मराठीची गोष्ट मात्र न्यारी. ती या तारेवर बसे रोमन पेहरावात, आणि त्या पेहरावात 'ई'पेक्षा 'ए'चाच सुकाळ. म्हणजे इंग्रजीसाठी योजलेली काटकसर येथे वाया जाई. उलट विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने, इंग्रजीत दोन शब्दांचे दाम घेणारे 'मुंबईहून' आपल्याकडे एकाच शब्दात भागे. दर शब्दावर आणि श्रम अक्षरांवर, अशा या व्यवहारात पाठविणाऱ्याची बचत तारमास्तराच्या मनगटावर पडे, हे फारसे कोणी ध्यानी घेतले नाही. १९४९ पासून काही कचेऱ्यांतून नागरी लिपीतील तारा जाऊ लागल्या, तरी इंग्रजीचा अंमल काही उठला नाही.

शुभेच्छांच्या तारांत तर खात्याने भाषेलाच रजा दिली: ठराविक मजकुरांना क्रमांक दिले, तारेवरून क्रमांकच जाई, आणि पलीकडचा कारकून त्याचे वाक्य करून देई. वधूवरांना पोहोचलेले कित्येक आशीर्वाद हे असे.

टेलिप्रिंटर आणि पुढे संगणक आल्यावर कळ दाबणारा हात क्रमशः निकामी ठरला. १४ जुलै २०१३ रोजी, सेवेच्या अखेरच्या दिवशी, तारघरांपुढे रांगा लागल्या, तेव्हा त्या शेवटच्या संदेशांना बिंदूही लागला नाही, रेषही नाही.