विश्लेषण : खोक्यातून येणारा हातमाग घरी कसा जोडतात?

कपाट, पलंग किंवा टेबल सुट्या भागांत घरी येते आणि तिथे जोडले जाते, याचे शहरांत आता नवल राहिलेले नाही. हातमागही असा मिळतो. न्यूझीलंडमधील अ‍ॅशफर्ड, अमेरिकेतील हॅरिसव्हिल, स्वीडनमधील ग्लिमोक्रा अशा कंपन्या घरगुती विणकामासाठी पायाने चालवायचे माग सुट्या भागांत विकतात. पण कपाट किंचित तिरके जोडले गेले, तर फार तर दार नीट लागत नाही. माग तिरका राहिला, तर त्यावरचे प्रत्येक कापड बिघडते. त्यामुळे असा माग घेण्याआधी त्याची जोडणी समजून घेणे गरजेचे ठरते.

हा माग चालतो कसा?

कापडात उभ्या धाग्यांचा ताणा आणि आडव्या धाग्याचा बाणा असतो. ताण्याचे धागे मागच्या रुळावर गुंडाळलेले असतात, तर विणलेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळले जाते. मध्ये ‘शाफ्ट’ नावाच्या उभ्या चौकटी असतात. शाफ्टवर ‘हेडल’, म्हणजे मधोमध छिद्र असलेल्या तारा किंवा दोरे असतात. ताण्याचा प्रत्येक धागा एकेका छिद्रातून ओवलेला असतो.

पायाखालची पट्टी दाबली की तिला जोडलेले शाफ्ट उचलले जातात आणि धाग्यांत फट पडते. त्या फटीतून धोटा जातो आणि फणी बाणा ठोकून बसवते. शाफ्ट पायाने हलत असल्याने दोन्ही हात धोट्यासाठी मोकळे राहतात.

या मागांत ‘जॅक’ हा प्रकार नवशिक्यांना सोपा जातो. त्यात पट्टी दाबल्यावर शाफ्ट वर जातात आणि सोडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येतात. ‘काउंटरमार्च’ प्रकारात काही शाफ्ट वर जात असतानाच बाकीचे खाली ओढले जातात. फट स्वच्छ पडते, पण दोऱ्या जास्त असल्याने जुळवणीला वेळ लागतो.

खड्ड्याच्या मागापेक्षा वेगळे काय?

आपल्याकडे अनेक भागांत खड्ड्याचा माग रूढ आहे. विणकर जमिनीलगत बसतो, पाय आणि पायपट्ट्या खड्ड्यात असतात आणि मागाचे खुंट जमिनीत रोवलेले असतात. म्हणजे ताण्याची ओढ शेवटी जमीन पेलते. येवला, पैठण भागातील पैठणी विणणाऱ्या घरांतही माग ही सहसा उठसूट हलवायची वस्तू नसते.

खोक्यातून आलेल्या मागाला जमिनीचा असा आधार नसतो. सगळी ओढ त्याच्या लाकडी चौकटीवर आणि बोल्टवर येते. ही ओढ किती असते? समजा, ३० इंच रुंदीत इंचाला २० धागे आहेत. एकूण धागे झाले ६००. प्रत्येक धाग्यावर फक्त १०० ग्रॅम ताण धरला, तरी चौकटीवर ६० किलोंचा भार येतो. त्यावर दर बाण्याला फणीचा ठोका बसतो. सैल राहिलेला एक बोल्टही इथे लगेच जाणवतो.

मागवण्याआधी काय मोजावे?

पहिले मोजमाप पन्ह्याचे. साडीचा पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच असतो. त्यामुळे ३८ इंची मागावर नेहमीच्या पन्ह्याची साडी होणार नाही. ओढणी, स्टोल, टॉवेल, चटया होतील. शिवाय विणताना कापड आत ओढले जाते आणि धुतल्यावर आटते. फणीत ३० इंच भरलेले कापड शेवटी २७ इंचांच्या आसपास उरू शकते.

दुसरे मोजमाप जागेचे. केवळ मागापुरती जागा पुरत नाही. पुढे बाक आणि मागे धागे भरण्यासाठी माणूस बसेल एवढी मोकळीक हवी. खोके जिन्यातून किंवा लिफ्टमधून वर जाईल का, हेही आधी पाहावे. जॅक मागाचे शाफ्ट खाली पडताना आवाज होतो. इमारतीत राहणाऱ्यांनी मागाच्या पायांखाली जाड रबर घालावे.

परदेशातून मागवताना छापील किमतीवर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे पडते. तुटलेला भाग बदलून मिळेल का आणि किती दिवसांत, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घेतलेले बरे.

जोडणीचा क्रम काय?

खोके उघडल्यावर सर्व भाग जमिनीवर मांडून पुस्तिकेतील यादीशी ताडून पाहावेत. बोल्ट लांबीनुसार वेगळे करावेत. लांब बोल्ट चुकीच्या जागी बसला तर लाकूड फाटू शकते. लाकूड कच्चे असेल, तर तेल किंवा मेण जोडणीआधीच लावावे, कारण नंतर सांध्यांत हात पोहोचत नाही.

आधी दोन्ही बाजूंच्या चौकटी, मग त्यांना जोडणारे आडवे दांडे. या टप्प्यावर बोल्ट केवळ हाताने फिरवून बसवायचे, पान्याने आवळायचे नाहीत. नंतर रूळ, त्यांची दातेरी चाके, पायपट्ट्या, शाफ्ट आणि शेवटी फणीची झुलती चौकट बसते. प्रत्यक्ष क्रम मॉडेलनुसार बदलतो, म्हणून पुस्तिकेतील क्रमच पाळावा. स्वीडनच्या पारंपरिक धर्तीच्या काही मागांत मुख्य सांधे बोल्टऐवजी लाकडी पाचरींनी आवळले जातात. जोडणीला दोन माणसे हवीत, एक धरायला आणि एक आवळायला.

कर्ण मोजणे इतके महत्त्वाचे का?

चौकट काटकोनात आहे की नाही, हे नजरेला कळत नाही. गुण्या एका कोपऱ्यापुरता उपयोगी पडतो. संपूर्ण चौकटीसाठी टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असताना दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चौकट काटकोनात आहे. १०० सेंमी रुंद आणि ९० सेंमी उंच चौकट वरच्या बाजूला फक्त १ सेंमी सरकली, तर कर्णांत सुमारे दीड सेंमीचा फरक पडतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी चूक टेपवर स्पष्ट दिसते.

त्याआधी पाणसळ ठेवून जमीन तपासावी. अनेक घरांत फरशीला पाणी वाहण्यासाठी उतार दिलेला असतो. माग डगमगत असेल तर पायाखाली पातळ चकती घालावी, मग कर्ण जुळवावेत आणि नंतरच बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत.

नेहमी कुठे चुकते?

रुळाच्या दातेरी चाकात अडकणारा खटका उलटा बसणे, ही एक सहज होणारी चूक. मग ताणा आवळला की सुटतो. ताणा भरण्याआधी रूळ हाताने ओढून खटका धरतो का, हे पाहावे.

दुसरी चूक फणीची. फणी पुढच्या दांड्याला समांतर हवी. दोन्ही टोकांचे अंतर मोजून ती जुळवावी, नाहीतर बाण्याची रेघ एका बाजूला उतरत जाते. तिसरी चूक हेडलच्या संख्येची. ६०० धागे चार शाफ्टवर सारखे वाटले तर प्रत्येकावर १५० हेडल लागतात. ताणा भरल्यानंतर कमी पडलेले हेडल घालणे कटकटीचे असते.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. हा बदल लाकडाच्या लांबीत नगण्य, पण रुंदीत आणि जाडीत जास्त असतो. त्यामुळे पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत साध्या पोलादाच्या फणीला गंज चढतो आणि त्याचा डाग सरळ कापडावर उतरतो. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलची फणी घ्यावी. माग खिडकीच्या थेट उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नये.

हे कापड ‘हातमागाचे’ म्हणता येईल?

होय. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्यानुसार यंत्रमाग सोडून कोणताही माग हातमाग ठरतो. माग परदेशी आहे की गावच्या सुताराने केलेला, याने फरक पडत नाही. मात्र विक्रीच्या कापडावर सरकारी ‘हँडलूम मार्क’ लावायचा असेल तर त्यासाठी वस्त्रोद्योग समितीकडे रीतसर नोंदणी करावी लागते.

पहिला ताणा कसा असावा?

महागडे रेशीम पहिल्याच खेपेला चढवू नये. सुती धाग्याचा दोनेक मीटरचा अरुंद ताणा पुरे. त्यातला अर्धा-पाऊण मीटर गाठी आणि मागच्या भागात वाया जातो, हे धरूनच चालावे. साध्या विणीत वीतभर कापड विणून बाण्याची रेघ सरळ आहे का, दोन्ही कडांचा ताण सारखा आहे का आणि प्रत्येक पट्टीला फट पूर्ण उघडते का, हे पाहावे. काही चुकत असेल तर धागे कापून टाकावेत, कर्ण पुन्हा मोजावेत आणि बोल्ट आवळावेत. पूर्ण पन्ह्याचे ६०० धागे भरल्यावर चौकट सैल करायची वेळ आली, तर त्याआधीची सगळी मेहनत उसवावी लागते.