महिन्याला एक पेनी : बॅरिस्टर डॅनियल ओकॉनेल

मंडळी, कायदा दोन रीतींनी वाचता येतो. त्यात काय लिहिले आहे ते पाहावे, ही झाली एक रीत. त्यात काय लिहायचे राहून गेले आहे ते हेरावे, ही दुसरी. आयर्लंडचे पुढारी डॅनियल ओकॉनेल या दुसऱ्या रीतीत मोठे पटाईत होते.

त्या काळी आयर्लंडवर इंग्लंडच्या राजाची सत्ता होती. प्रजा बहुतेक रोमन कॅथॉलिक पंथाची; पण जमीन, न्यायासन आणि सरकार हे सारे मुख्यतः प्रॉटेस्टंटांच्या हाती. कॅथॉलिकांना वकिलीची मुभा मिळाली, तीसुद्धा १७९२ साली.

ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ चा, नैर्ऋत्येकडील केरी परगण्यातला. निपुत्रिक चुलत्याने त्यांना सांभाळले आणि शिकायला फ्रान्सला धाडले. तिथे राज्यक्रांती पेटली, तेव्हा १७९३ च्या जानेवारीत त्यांना तो देश सोडावा लागला. रक्तपाताविषयी त्यांच्या मनात जी अढी बसली, ती कायमची. पुढे लंडनला व डब्लिनला अभ्यास करून १७९८ साली ते बॅरिस्टर झाले. उलटतपासणीत त्यांचा हात धरणारा विरळा. पण कमाई आणि कीर्ती कितीही झाली, तरी न्यायाधीश किंवा पार्लमेंटचा सभासद होण्याची वाट मात्र बंद! का, तर ते कॅथॉलिक म्हणून.

आता ही वाट बंद कशी होती, ते नीट पाहू या. कॅथॉलिकाने निवडणुकीला उभे राहू नये, असे कायद्यात कुठेच म्हटले नव्हते. अडसर होता तो शपथेचा. निवडून आलेल्या सभासदाला सभागृहात बसण्यापूर्वी एक शपथ घ्यावी लागे, आणि तीत कॅथॉलिकांची उपासना खोटी आहे असे म्हणावे लागे. श्रद्धाळू माणसाने हे म्हणायचे कसे? म्हणजे दार उघडे, पण उंबऱ्यावर काटे पसरलेले.

ओकॉनेल यांनी १८२३ साली ‘कॅथॉलिक असोसिएशन’ स्थापन केली. वर्गणी वर्षाला एक गिनी. ती सुखवस्तू माणसांनाच परवडायची. म्हणून पुढच्याच साली त्यांनी गरिबांसाठी वर्गणी ठेवली महिन्याला एक पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हे ध्यानात घेतले म्हणजे ही रक्कम किती लहान होती ते कळेल. चर्चच्या दाराशी ती गोळा होई. पैसा तर जमलाच. पण खरी गोष्ट निराळी. ज्याने पेनी दिली, तो ‘ही चळवळ माझी’ असं म्हणू लागला.

मग १८२८ साली क्लेअर परगण्यात पोटनिवडणूक आली. सरकारी उमेदवार फिट्झजेराल्ड हे जमीनदार असले, तरी कॅथॉलिकांच्या हक्कांना अनुकूल होते. तरीही ओकॉनेल स्वतः त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. मतदार कोण? बहुतेक लहान शेतकरी. ज्यांच्या जमिनीच्या पट्ट्याचे मोल वर्षाला निदान चाळीस शिलिंग, ते. आणि मतदान गुप्त नव्हते बरं का! सर्वांदेखत उमेदवाराचे नाव सांगायचे. जमीनदाराची मर्जी गेली, तर जमिनीवरून हुसकावले जाण्याची धास्ती. तरीही माणसे धर्मगुरूंच्या पाठोपाठ आली. मते पडली ती अशी : ओकॉनेल २,०५७; फिट्झजेराल्ड ९८२.

नेपोलियनला हरवणारे सेनापती वेलिंग्टन तेव्हा पंतप्रधान होते. यादवी माजेल हे ओळखून त्यांनी पड खाल्ली. एप्रिल १८२९ मध्ये कायदा बदलला आणि कॅथॉलिकांना पार्लमेंटचे दार मोकळे झाले. ओकॉनेल यांच्यापुढे मात्र जुनीच शपथ ठेवण्यात आली. त्यांनी ती नाकारली, पुन्हा बिनविरोध निवडून आले, आणि १८३० साली आपल्या जागेवर बसले.

पण या विजयाची किंमत कोणी दिली? त्याच वेळी दुसरा कायदा झाला आणि मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर, म्हणजे पाचपट वर गेली. ज्या शेतकऱ्यांनी धोका पत्करून मत दिले, त्यांचेच मत गेले. ओकॉनेल यांनी निषेध केला. पण त्यापायी मिळालेला हक्क पणाला लावला नाही. हा त्यांच्यावरचा डाग म्हणायचा की नाइलाज? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात मुलांपुढे अवश्य ठेवावा.

पुढे आयर्लंडला स्वतःचे पार्लमेंट मिळावे म्हणून त्यांनी प्रचंड सभा घेतल्या. ऑक्टोबर १८४३ मध्ये क्लॉन्टार्फच्या सभेवर सरकारने बंदी घातली. रक्त सांडू नये म्हणून त्यांनी सभाच रद्द केली. तरुण अनुयायी नाराज झाले. तरीही १८४४ साली ओकॉनेल यांना तुरुंगात जावे लागले. वरिष्ठ सभागृहाने पुढे ती शिक्षा रद्द ठरवली. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. थकल्या आवाजात पार्लमेंटपुढे देशबांधवांसाठी मदत मागून ते रोमच्या यात्रेला निघाले, आणि वाटेत जिनोआ येथे १५ मे १८४७ रोजी वारले. स्वतंत्र पार्लमेंट त्यांना पाहता आले नाही.

आयर्लंडात गुप्त मतदान आले ते १८७२ साली. आपण आज आडोशाला उभे राहून निर्धास्त मत देतो. तेव्हा, मंडळी, जमीन जाईल हे माहीत असूनही चारचौघांत नाव उच्चारणाऱ्या क्लेअरच्या त्या शेतकऱ्यांची जरूर आठवण ठेवा.